पुरवणीत बसतंय की

आमचा रविवारचा खेळ म्हणजे फासे टाकत गोष्ट रचायची. ती गोष्ट चालवणारे गृहस्थ एका सरकारी कार्यालयात कारकून आहेत. तिथलं त्यांचं "नियमात बसत नाही" हे वाक्य अर्ध्या सोलापूरला पाठ आहे. रविवारी मात्र सगळं बसतं. खेळाच्या मूळ पुस्तकात नसलं, तर परदेशातल्या कुणा अनोळखी हौशी माणसाने लिहिलेल्या जादा नियमांच्या पुरवणीत बसतं. स्वयंपाकाची पुरवणी, शिंकण्याची पुरवणी, बर्फात घसरण्याचीसुद्धा, तीही सोलापुरात! सगळ्या स्पायरल बाइंडिंग करून पिशवीत. स्वतःच्या डोक्याने निर्णय देणं त्यांना लाच घेतल्यासारखं वाटतं.

मागे खेळातला माझा दोन वर्षं जपलेला योद्धा विहिरीत पडला. तीन पुरवण्यांनी त्याला तीन तऱ्हांनी बुडवलं. मी चिडून म्हणालो, "साहेब, पुरवण्या राहू देत, तुम्हीच सांगा की, जगला का मेला?"

ते पिशवी चाचपू लागले. "मी कोण सांगणार? पुढच्या रविवारी बघू की. अजून लई पुरवण्या हायत."

आठवडाभर योद्धा विहिरीतच. रविवारी ते एकाच पानाची नवी पुरवणी घेऊन आले. "कॅनडाच्या माणसाची हाय. मी फक्त मराठी केलंय."

पोहता येणारा विहिरीत मरत नाही, असा नियम होता. खाली लिहिलं होतं, 'योग्य त्या कार्यवाहीस्तव सविनय सादर.'

कॅनडातही कारकून असतात म्हणायचे. मी योद्ध्याला वर काढलं आणि लेखकाला आभार कळवायला सांगितले.

"कळवतो," म्हणाले, आणि मान खाली घालून फासे पुसत बसले.