बाहेर न गेलेली मेल

"दार लोटून घ्या, मग बोला." कुणीही पेशंटचं नाव घेतलं की आपांचं हे वाक्य ठरलेलं. तुमच्याही ऑफिसात अशी एखादी बाई असेल, जिला आधी सगळे हसतात. येरमाळ्याजवळच्या आमच्या खाजगी दवाखान्यात मी रिसेप्शनला. आपा कॉम्प्युटर सांभाळायच्या.

एकदा शेजारच्या वाशी तालुक्यातला एक बाप काउंटरशी येऊन उभा राहिला. ओरडला नाही. "मॅडम, पोरीला टीबी हाय, हे आमच्या आधी तिच्या होणाऱ्या सासरी कसं कळलं? सोयरीक मोडली की."

आमच्यातल्याच कुणीतरी ओळखीच्याला रिपोर्ट मेल केला होता. कुणी, ते आपांना कळलं होतं. नाव त्यांनी कधी घेतलं नाही. बापाला त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांना विचारून त्यांनी आम्हा सगळ्यांच्या ऑफिस-मेलची बाहेरची वाट बंद केली. मेल जाईल ती दवाखान्यातल्या दवाखान्यात. सोलापूरच्या मोठ्या दवाखान्याला काही पाठवायचं तर डॉक्टर स्वतः पाठवतील. आम्ही लई कुरकुरलो. औषधवाल्याला साधी ऑर्डर द्यायची तरी फोन!

"आपा, आमी काय चोर हाव का?" लॅबवाले म्हणाले.

"न्हाय हो. माझी पण बंद केलीय की."

ते किती खरं होतं, हे त्यांचा धाकटा भाऊ जळकोटहून आला तेव्हा दिसलं. त्याच्या मुलासाठी पाहिलेली मुलगी मागं आमच्याकडं ॲडमिट होती.

"आपा, पोराच्या जिंदगीचा सवाल हाय. तिचा तेवढा रिपोर्ट धाडा."

"मेल बाहेर जात न्हाय."

"तुम्हीच बंद केली ना? तुम्हीच उघडा."

"मला उघडता येतं, म्हणूनच उघडत न्हाय."

"मग तोंडानं सांगा."

"तिलाच विचार. सांगायचं का न्हाय, ते ती ठरवंल."

भाऊ चहा तसाच ठेवून निघून गेला. त्या ईदला तो आपांकडं फिरकला नाही. आपांनी आमच्यासाठी शीरखुर्मा आणला, भावाच्या वाटचाही आम्हालाच वाढला.

पुढं भावानं खरंच मुलीच्या घरी जाऊन विचारलं. लग्न झालं. नव्या जोडप्याला घेऊन तो दवाखान्यात आला, आपांच्या हातात मिठाईचा पुडा ठेवला आणि खाली मान घालून उभा राहिला. आपांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, मग डोळे पुसले.

गेल्या साली मिस्टरांची बदली झाली आणि आपा लातूरला गेल्या. जायच्या आधी एकदा चहा पिताना मी विचारलंच, "आता तर ती तुमची भाचेसून. काय झालं होतं हो तिला?"

आपा हसल्या. "आज चहात आलं लई पडलंय," म्हणाल्या.

त्या मुलीला काय झालं होतं, ते मला आजतागायत माहीत नाही.