मूठभर बोंबील
सन एकोणीसशे सहासष्ट, मी बावीस वर्षांचा. वाळत्या बोंबलांचा वास आला की अजून दांडी गावातलं ते अंगण डोळ्यांपुढे येतं. तेव्हा जवळच तारापूरला वीजघर उभं राहत होतं, मी तिथं मजुरीला. काँक्रीट तपासणाऱ्या साहेबाच्या हाताखाली एक जागा होती, पण सरासरी काढता यायला हवी. माझी शाळा चौथीतच सुटलेली. कुणापुढे वाकणं माझ्या रक्तात नाही, तरी दांडीच्या मास्तरीणबाईंकडे शिकवणी मागायला गेलो. वयानं माझ्याहून लहानच त्या. जबड्यात जबडा अडकवून दोऱ्यांवर टांगलेले बोंबील वाऱ्यानं झुलत होते, मागे समुद्र दुधासारखा पांढरा, सगळं अंगणच पाण्यावर तरंगतंय असं वाटत होतं. बाई म्हणाल्या, "आमचे बोंबील केवढे, त्याची सरासरी काढू. मूठभर घेऊन या." मी ऐटीत चांगले लांबसडक काढून आणले. बाई खो खो हसल्या. "भाऊ, नवरी निवडायला आलाव काय? असे निवडून आणले तर सरासरी खोटी निघेल. डोळे मिटून उचला!" "मी आंधळी कोशिंबीर खेळायला नाय आलो," असं म्हणून तडक निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाण्याआधी पुन्हा त्यांच्या अंगणात गेलो, त्यांच्या देखत डोळे मिटले आणि बोंबलांच्या दोरीकडे हात पुढे केला.