मालकाची जबानी

लॅपटॉपवर पाणी शिंपडण्याआधी तो बंद करावा, एवढी अक्कल मला होती. शिंपडूच नये, एवढी नव्हती. खंडेनवमीला मी स्कूटर धुतली, विळी, पक्कड, शिलाई मशीन ओळीनं मांडून पूजा केली आणि उत्साहाच्या भरात बायकोचा लॅपटॉपही पाटावर ठेवला. तोही उघडून. अक्षरांवर हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या फुलानं सढळ हातानं पाणी शिंपडलं. नंतर बटण दाबलं, तर साधा दिवासुद्धा लागेना.

बायको तेव्हा बहिणीबरोबर तुळजापूरला गेली होती. ती प्राथमिक शिक्षिका. उमरग्याकडच्या शाळेत असताना तिनं पाहिलं, की पोरांच्या घरी कानडी आणि शाळेत मराठी. मधल्यामधे पोरं मुकी. म्हणून दोन वर्षं खपून तिनं ‘घरचा शब्द, शाळेचा शब्द’ अशी यादी लॅपटॉपवर तयार केली होती. सोमवारी ती शिक्षकांच्या मेळाव्यात दाखवायची होती. दुसरी प्रत नव्हती. ती काढून ठेवायचं काम महिनाभर माझ्याकडंच होतं.

भिजलेला मोबाईल तांदळात ठेवतात, असं मी ऐकलं होतं. आमच्या घरात तांदूळ जेमतेम, ज्वारी मात्र डबाभर. मी लॅपटॉप ज्वारीत पुरला. दुसऱ्या दिवशी बाहेर काढला, तरी तो ढिम्म. तेव्हा धाराशिवच्या स्टँडमागं, ऐन दसऱ्यालाही दुकान उघडं ठेवणाऱ्या बसलिंगअप्पांकडं निघालो.

कपाळावर भस्माचे पट्टे, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, हातात स्क्रू-ड्रायव्हर. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग लॅपटॉप. अप्पांच्या लेखी सगळं एकच. “आत तार, भाईर तकलीफ,” म्हणायचे. पण मालकानं तोंड उघडल्याशिवाय ते मशीन उघडत नसत. शंभर पानी वहीत वर ‘मालकाची जबानी’ असं लिहून विचारायचे, “बोला. बंद पडायच्या आधी काय केलं?” एका वकिलानं सांगितलं, आपोआप बंद पडला. अप्पा म्हणाले, “वकीलसाब, आपोआप फकस्त केस पिकत्यात.” खोलल्यावर आतून चहाची पत्ती निघाली.

जबानी झाली की ते चार्जर आणि बॅटरी काढत, चालू करायच्या बटणावर बोट दाबून धरत आणि अकरा वेळा सावकाश ‘ॐ नमः शिवाय’ म्हणत. मग बॅटरी परत बसवली की पुष्कळ लॅपटॉप तेवढ्यावरच सुरू व्हायचे. माकणीच्या एका बाईंनी तर त्यांच्यापुढं नारळच ठेवला. “बाई, मंतर न्हाय ह्यो, सेकंद हायेत,” अप्पा म्हणाले. “आत ऱ्हायलेली वीज उतराय अर्धा मिनिट लागतंय. घड्याळाकडं बघाय लागलो की बोट सुटतंय.”

मी बाकावर बसलो. “काहीच केलं नाही हो अप्पा. आपो...” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “म्हणजे, लाईट गेली होती.”

त्यांनी लिहून घेतलं. अकरा वेळा झालं, उपयोग शून्य. त्यांनी लॅपटॉप कानाशी धरून हलवला.

“ह्ये काय वाजतंय?”

“पंखा असेल.”

तळाचे स्क्रू निघाले आणि टेबलावर ज्वारी सांडली. खाली कुंकवाचा चिखल. अप्पांनी एक दाणा चिमटीत धरला. “हळदकुंकू, वर ज्वारी! साहेब, ओटी भरली का काय हिची?”

बाकावरची दोन माणसं पोट धरून हसली. मग मी सगळं ओकलो. भिजल्यावर तीनदा चार्जर लावला होता, तेही.

“बयान बिमार असलं की मशीन मरतंय,” अप्पा म्हणाले. “बोर्ड गेला. डिस्क जित्ती असंल तर बघू. आत कुणाचं काय हाय?”

“बायकोचं. तिची दोन वर्षांची मेहनत आहे.”

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. “मग तुमी मालक कशे? मालकीणबाईंची जबानी पायजे. त्यास्नी म्हाईत झाल्याबिगर म्या डिस्कला हात लावत न्हाय.”

“अप्पा, दुरुस्त झाल्यावर सांगतो ना!”

“दुरुस्त झाल्यावर कोण सांगतंय? चाळीस वर्सं दुकान टाकून बसलोय म्या.”

मी फोन लावला. पलीकडून एकच शब्द आला, “कुठं?” दुपारच्या एसटीनं ती थेट दुकानात आली. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. अप्पांनी वहीचं नवं पान काढलं.

“आत नुसते शब्द आहेत,” ती म्हणाली. “पण ते सांगणाऱ्या दोन म्हाताऱ्या आता नाहीत. परत कुणाला विचारू?”

अप्पांनी वही मिटली. डिस्क काढली, पुसली, आपल्या जुन्या कॉम्प्युटरला जोडली. पडदा बराच वेळ काळा. मग तिची यादी ओळीओळीनं वर आली. बायकोनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं आणि मी पहिल्यांदा बाकाला पाठ टेकली.

अप्पा वाचायला लागले आणि एकदम हसले. “बाई, ‘बन्नी, कुळितुकोळ्ळी’? या, बसा म्हणाय एवढं? ह्ये बेंगळूरचं. आमच्या घरच्या कानडीत ‘बर्री, कुंदर्री’. पोरं हसतील तुमाला!”

“पुस्तकात पाहून घातलं हो ते,” ती ओशाळून म्हणाली आणि स्टूल पुढं ओढलं. मग तासभर दोघं शब्द दुरुस्त करत बसले. मला अप्पांनी एक ब्रश दिला. “तुमी तवर ओटी काढा.”

सोमवारी यादीचं कौतुक झालं. नंतरही कानडी अडलं की बायको दुकानात जायची. मी बाहेर स्कूटरवर थांबायचो.

गेल्या वर्षी अप्पांचे हात थरथरायला लागले. बारीक स्क्रू धरवेनात. दुकान आवरून ते लेकीकडं गुलबर्ग्याला निघाले. आम्ही स्टँडवर गेलो. खिडकीतून ते म्हणाले, “बाई, शब्द अडला की फोन लावा. साहेब, तुमी लावला तर पयलं खरं सांगा.” गाडी हलली.

परतताना स्कूटरवर बायको वळून वळून मागं बघत होती. तिला बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, “अगं, लॅपटॉपवाले काय, गल्लोगल्ली आहेत.”

“लॅपटॉपवाले मिळतील हो,” ती म्हणाली. “तुम्हाला खोलून बघणारा कुठून आणू?”