नावाड्याची बायको

मांडवगण फराट्यात गोकुळआप्पा समोरून येताना दिसले, की चारदोन माणसं मुकाट्यानं गल्ली बदलायची. आप्पांचा कुणाला त्रास होता असं नाही. पण त्यांच्या मोटारसायकलच्या डिकीत कायम पाचसहा कादंबऱ्या असायच्या आणि तावडीत सापडलेल्या माणसाच्या हातात एखादी कोंबल्याशिवाय ते त्याला सोडत नसत.

आप्पा साखर कारखान्यात चिटबॉय होते. शेतोशेत हिंडून उसाची नोंद घ्यायची, तोडीची चिठ्ठी द्यायची, हे त्यांचं काम. ट्रॉली भरेपर्यंत बांधावर दुसरं करायचं काय, म्हणून वाचायला लागले आणि त्यांना वाचनाचं वेडच लागलं. निवृत्त झाल्यावर त्यांची इच्छा एवढीच उरली, की आपल्याला आवडलेली एखादी कादंबरी गावातल्या एका तरी माणसानं शेवटच्या पानापर्यंत वाचावी आणि आपल्याशी तिच्याबद्दल बोलावं. एवढी साधी इच्छा, पण पुरी होईना.

त्यातल्या त्यात त्यांचा जीव निळ्या पुठ्ठ्याच्या एका कादंबरीवर होता. नदीकाठच्या नावाड्याची बायको भांडून निघून जाते आणि तो वर्षानुवर्षं नाव घेऊन काठावर तिची वाट पाहतो, अशी ती गोष्ट. आप्पा ती वाचायला सांगायचे म्हणजे काय करायचे? तर पहिल्या पानापासून सगळी सांगायचे. शेवटी बायको परत येऊन पलीकडच्या काठावरून हाक मारते, तिथं त्यांची गोष्ट संपायची. मग डोळे पुसत म्हणायचे, "आता तू वाच." सगळं जेवण वाढून, खाऊ घालून, मग भूक लागली का म्हणून विचारण्यातला हा प्रकार.

ट्रॅक्टरवाल्या संपतनं तर चौथ्या दिवशीच कादंबरी परत आणून दिली. पाडव्याला देताना आप्पांनी तिच्यात खूण म्हणून दोरा ठेवला होता, तो पाचव्या पानावरून हललाही नव्हता. आप्पांनी जाब विचारला, तर संपत शांतपणे म्हणाला, "आप्पा, समदी स्टोरी तर तुम्हीच सांगितली. आता वाचून आनखी काय करायचं?"

आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. बायकोला म्हणाले, या गावात लोकांना ऐकायला कान आहेत, वाचायला डोळे नाहीत. वाचनालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी निळ्या कादंबरीबद्दल भलंमोठं लिहून टाकलं. उत्तरादाखल तिघांनी हात जोडले, एकानं गुलाबाचं फूल पाठवलं आणि बबनरावांनी कांद्याचा बाजारभाव टाकला. आप्पांनी फोन उशीखाली सारला आणि पुन्हा कुणाला पुस्तक म्हणून द्यायचं नाही, असं ठरवून टाकलं.

तो निश्चय आठवडाभरही टिकला नाही. भावकीतली सून करिश्मा रांजणगावच्या कंपनीत होती. बसमध्ये जाता-येता तास-तास जातो, फोनला रेंज नसते, असं ती सहज बोलून गेली. आप्पांनी लगेच डिकी उघडली. बस हॉर्न देत होती, त्यामुळे गोष्ट सांगायला सवडच मिळाली नाही. एवढंच म्हणाले, "शेवट वाच. नावाड्याची बायको परत येती, तिथं रडशील."

पंधरा दिवसांनी करिश्मा स्वतः कादंबरी घेऊन आली. पुठ्ठ्याचे कोपरे दुमडलेले होते, एका पानावर चहाचा डाग होता. आप्पांचं काळीज सुपाएवढं झालं.

"आप्पा," ती अवघडून म्हणाली, "ती परत येतच न्हाई की."

आप्पा भडकले. शेवटची पानं तू चाळलीच नसशील, म्हणाले. घाईघाईनं वाचलं की असंच होतं, म्हणाले.

"दोन दिवस मला जेवान गेलं न्हाई," करिश्माचाही आवाज चढला. "आन् तुम्ही म्हंता चाळलं न्हाई. नदीवर पूल होतो, नाव तशीच काठाला कुजती, आन् संपतं. बघा तुम्हीच."

आप्पांनी पुस्तक उघडलं. वीस वर्षांत त्यांनी ते स्वतः वाचायला उघडलं नव्हतं. कशाला उघडतील, सगळं तोंडपाठ होतं. उभ्या उभ्याच त्यांनी शेवटचं प्रकरण वाचलं. पूल होता. कुजलेली नाव होती. हाक कुठंच नव्हती.

आणि मग त्यांना गीताबाई आठवली. ऊसतोडीला आलेली, पोरगं गावाकडं सासूपाशी ठेवून. एका दुपारी ते बांधावर हीच गोष्ट सांगत असताना मोळी बांधता बांधता तिनं त्यांना विचारलं होतं, "ती बाई घरी आली का मग, साहेब?" तिच्या तोंडाकडं बघून त्यांना नाही म्हणवलं नव्हतं. "आली की," म्हणाले होते. पुढं जिथं सांगितली, तिथं बाई घरीच आली.

करिश्माला त्यांनी हे सगळं सांगितलं. तिनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमचा शेवट ग्वाड हाय. पर मला बुकातलाच पटला." आणि दुसरी कादंबरी घेऊन गेली. ज्या बोलण्यासाठी आप्पा इतकी वर्षं तडफडले, ते झालं ते एवढंच. त्यातही चूक त्यांचीच निघाली. गावात कुणी वाचत नाही म्हणून ते ज्यांच्यावर खेकसायचे, त्या सगळ्यांत आता तेही आले होते.

संध्याकाळी ओट्यावर त्यांना निळं पुस्तक पहिल्या पानापासून वाचताना पाहून संपतनं ट्रॅक्टर थांबवला आणि चेष्टेनं विचारलं, "काय आप्पा, पुढं काय झालं?"

आप्पांनी मान वर केली नाही.

"मला ठाऊक न्हाई," ते म्हणाले. "अजून वाचतोय."