मधोमध बसणाऱ्या जाऊबाई

सांगायला लाज वाटते, पण सांगूनच टाकते. हेलसिंकीच्या भर चौकात मी एका पोलिसाकडे जमिनीवर बसायची परवानगी मागितली होती. बी.ए. झालेली, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेली, इंग्रजी येतं म्हणून स्वतःवरच खूश असलेली मी! आणि ज्यांच्यापायी हे घडलं, त्या माझ्या थोरल्या जाऊबाईंनी जन्मात कुणाला विचारून बूड टेकलं नव्हतं. पृथ्वीवर त्यांच्याइतकं हक्कानं बसणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

राहणाऱ्या वाशीमकडच्या किन्हीराजा गावच्या, शेतात राबणाऱ्या. पण परगावी गेल्या की आधी चौक शोधायच्या. बाजार नको, सिनेमा नको. चौक सापडला की बरोबर मधोमध फतकल मारायची, फडकं सोडायचं, ज्वारीची भाकर मोडायची, तीवर लाल ठेचा ठेवायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "या जेवाले" म्हणायचं. वाशीमला एकदा टांगे, सायकली, एस.टी., सगळं खोळंबलं. हवालदार आला. "बाई, ऊठ, हा रस्ता हाय." "मंग जा ना बाप्पा रस्त्यानं," बाई घास चावत म्हणाल्या, "म्या काय गुंडाळून ठेवला तो?" शेवटी हवालदारानंच टांगेवाल्यांना वळसा घ्यायला लावला, आणि मी पानठेल्याआड उभी राहून, ही बाई आमची नव्हेच, असा चेहरा करून होते. पोहरादेवीच्या यात्रेत तर ओढ्यातल्या धोंड्याला पाणी वळसा घालतं तशी सगळी गर्दी त्यांना वळसा घालून गेली. जेवण आटोपलं की निकाल. "चांगला चौक हाय. कोनी इचारलं नाई, तू कोनाची म्हून." नाहीतर फडकं झटकत, "कायचा चौक! इचारते लोक."

या खुळाचं मूळ मला लग्नानंतर पुष्कळ दिवसांनी कळलं. त्यांच्या माहेरी आमच्या लोकांनी चौकातून जायचं ते कडेकडेनं, वहाणा हातात घेऊन. छप्पन साली घर बौद्ध झालं आणि त्यांचे वडील या पोरीला घेऊन चौकात मधोमध जाऊन बसले, भाकर मोडली. पोरीला घास गिळेना. बाप म्हणाला, "हळू खाय माय, घाई नाई." तेव्हापासून बाईंना कसली घाई म्हणून नाही. आगगाडी सुटायला आली तरी नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. आमचे हे कागदाच्या यंत्रांचं शिक्षण घ्यायला फिनलंडला गेले, मागून मी, आणि माझं बाळंतपण करायला बाई. सोबत ज्वारीच्या पिठाचा डबा, ठेच्याची बरणी आणि डिंक. मुलगी झाली. बाईंनी परक्या मुलखात मला शेकलं, पोरीला न्हाऊमाखू घातलं. परतायची वेळ आली तेव्हा म्हणाल्या, "आता इथला चौक दाखव. त्याबिगर मी इमानात बसत नाई."

मला घाम फुटला. एक तक्रार गेली तर आमच्या यांना अर्ध्यातून परत पाठवतील, ही धास्ती. अख्ख्या गावात पहिला इंजिनेर, आणि त्याचं शिक्षण बुडालं कशानं, तर भाकरीनं! पण बाई निघाल्या. नऊवारी लुगडं, त्यावर यांचा ओव्हरकोट, लोकरी मोज्यांवर वहाणा. चौक म्हणजे केवढा! चारी बाजूंनी पिवळसर सरकारी इमारती, वरती पांढरं शुभ्र चर्च, त्याच्या डोंगरासारख्या पायऱ्या, आणि मध्ये कुण्या राजाचा पुतळा. बाई पुतळ्याकडे बघून म्हणाल्या, "मधातली जागा यानं घेतली. असू दे, बाजूले बसू." आणि फडक्याची गाठ सोडायला लागल्या.

तेवढ्यात मला पोलीस दिसला. ताडमाड उंच. बाईंच्या आधी मीच धावले आणि कॉलेजातलं सगळं इंग्रजी गोळा करून विचारलं, "साहेब, आम्ही इथे बसलं तर चालेल का?"

त्याला कळेना. "कुठे?"

"इथे. खाली."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, कडेवरच्या पोरीकडे पाहिलं. "बरं वाटत नाही का?"

"तसं नाही. परवानगी हवी होती."

त्यानं बराच विचार केला. मग लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, "हा चौक आहे."

"काय म्हंते तो?" बाईंनी विचारलं.

"म्हणतो, हा चौक आहे."

"ते तं मलेही दिसून राह्यलं."

आणि बसल्या. भाकर मोडली, चतकोरावर ठेचा ठेवून पोलिसापुढे धरला. "घे रे बाबू." त्यानं बिचाऱ्यानं घेतला, तोंडात घातला. आधी कान लाल झाले, मग नाक, मग त्यानं टोपी काढली. डोळ्यांतून पाणी, पण घास टाकला नाही. बाईंनी त्याच्या हातावर कोरडी भाकर ठेवली, ती खाऊन त्यानं वाकून नमस्कारासारखं काहीतरी केलं आणि गेला. कुणी विचारलं नाही, तू कोणाची. मी अजून उभीच होते, पदर सावरत. बाईंनी पोरीला माझ्याकडून घेतलं, शाल अंथरली आणि त्या राजधानीच्या दगडांवर तिला निजवलं. पोरगी हातपाय पसरून झोपली. तेव्हा कुठे मी टेकले, तेही शालीच्या काठावर.

आता बाई नाहीत. माझे गुडघे असे, की मधोमध बसायचं मनात आणलं तरी उठवायला दोन माणसं लागतील. ती पोरगी स्वतःच आता पोक्त झाली आहे. कुठेही जाते, खुर्ची ओढते, बसते, माझ्या खुर्चीतसुद्धा. मी तिला एका शब्दानं बोलत नाही. कारण त्या दिवशी ट्रामची वाट बघताना बाई पोरीचं टोपडं नीट करत मला म्हणाल्या होत्या, "बीए झाली तू, इमानात बसली, पन बसाले अजून इचारतेच. बाकी सारं शिकव वं पोट्टीले, हे तेवढं शिकवू नोको."