एकवीरेच्या पायाशी ट्रॅकर

आमच्या ट्रेलरला ट्रॅकर आला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला. आमचे हे न्हावा शेव्याहून कंटेनर घेऊन नागपूर, इंदूर कुठे कुठे जायचे आणि विचुंब्याच्या नव्या फ्लॅटमध्ये मी भिंतींशी बोलत बसायचे. फोन केला की एकच उत्तर, "गाडी चालवतोय, ठेव." आता निदान मोबाइलच्या नकाशावर एक निळा ठिपका तरी दिसणार होता.

पण ठिपका भलताच उनाड निघाला. गाडी हायवेवर, तर हा शेतात. गाडी ढाब्यावर, तर हा नदीत.

"अवो, तुमी नदीत काय करताय?"

"अंगोल," हे म्हणायचे.

यांना थट्टा सुचायची आणि इकडे माझा जीव टांगणीला लागायचा.

गणपतीच्या आधी बंदरावर जाम गर्दी होती. बाहेरगावाहून माल भरून आलेली आमची गाडी पळस्प्याजवळ रांगेत अडकली. भरलेली गाडी सोडून येता येत नाही, म्हणजे यांचं घर हाकेच्या अंतरावर आणि घरी यायची सोय नाही. दुपारी सहज मोबाइल बघितला, तर ठिपका विचुंब्यात, अगदी आमच्या गल्लीच्या तोंडाशी! एवढा लांबलचक ट्रेलर या गल्लीत शिरणार कसा, हा विचार मनाला शिवलाही नाही. बोंबलाचं कालवण गरम केलं, भाकऱ्या टाकल्या, साडी बदलली आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. कोणीच येईना तेव्हा फोन लावला.

"लायनीतच हाय मी. नंबर लागला नाय अजून."

मी तिथेच पायरीवर बसून रडले. मग राग आला आणि ट्रॅकर देणाऱ्यालाच फोन केला.

"वहिनी, तो बसवलाय कुठे?"

यांना विचारलं तेव्हा पाणी कुठे मुरतंय ते कळलं. नवी वस्तू आली की आधी एकवीरेच्या पायाशी ठेवायची, ही आमच्यातली रीत. यांनी ट्रॅकरला हळदकुंकू लावून डॅशबोर्डवरच्या स्टीलच्या देव्हाऱ्यात ठेवला होता, तो कायमचाच. आईच्या पायाशी आहे, बिघडायचा नाय, असं यांचं म्हणणं.

ते सांगितल्यावर ट्रॅकरवाला हसला. "वर पत्रा आहे ना, वहिनी. त्याला आकाश दिसायला हवं. नाही दिसलं की जवळच्या मोबाइल टॉवरवरून तो नुसता अंदाज बांधतो. पुढच्या काचेखाली चिकटवा, वरची बाजू आकाशाकडे."

यांनी देवीची माफी मागून तो काचेखाली लावला. ठिपका एकदम शहाणा झाला. रस्ता सोडीना, ढाब्याची कुठली बाजू तेही सांगू लागला.

पुढच्या खेपेला गाडी इंदूरला माल उतरवायला थांबून राहिली. मी सकाळी बघावं, दुपारी बघावं, ठिपका तिथेच. पूर्वी मनाला सांगता यायचं, हा खोटारडा आहे, हे तिथून निघून घराजवळ आले असतील. आता तेवढीही जागा उरली नव्हती. मला यांची फार आठवण येत होती.

संध्याकाळी फोन केला. "अवो, तो ट्रॅकर परत आईच्या पायाशी ठेवा ना."

"का गं? नीट दिसत नाय का?"

"नीट दिसतंय," मी म्हटलं. "पण आता तुमी येत नाय तवा तो ठिपका पण घरी येत नाय."