इंजेक्शनच्या खोलीतले गाऱ्हाणे

देव माझ्याशी सरळ वागत नाही, असे मला बरीच वर्षे वाटत होते. क्लीनर म्हणून लागलो आणि स्वतःचे तीन ट्रक केले. त्यात कुणाची कृपा नाही, अशी माझी घमेंड होती. वडील गेले तेव्हा मी गाडी घेऊन बेळगावात होतो. थोरल्या भावाने माझी वाट न पाहता अग्नी दिला. तेव्हापासून पेडण्यात एकाच वाड्यावर राहूनही मी दादाशी शब्द बोललो नव्हतो.

मग उजव्या हाताची दोन बोटे मिटली की उघडेनाशी झाली. स्टिअरिंग धरवेना. म्हापशाच्या डॉक्टरांनी तळहातात इंजेक्शन सांगितले. सुई टोचताच मी हात हिसकून घेतला, औषध वाया घालवले आणि वर त्यांनाच चार शब्द सुनावले. ते शांतपणे म्हणाले, "आणखी एकदाच बघू. परत ओढलात तर ऑपरेशन."

आठवडाभर जिवाला चैन नव्हते. देवळात नवस बोललो, दुखले नाही तर समई देईन. मग वाटले, समई जास्त होते, घंटा पुरे. पुजारी म्हणाले, "शेट, देवाकडेसुद्धा दर पाडता?" मी रागाने तीर्थ न घेताच निघालो.

दुसऱ्या खेपेला इंजेक्शनच्या खोलीत माझ्यानंतरच्या नंबरचा हरमलचा एक म्हातारा स्टुलावर बसला होता. माझी मूठ काही केल्या सैल होईना. तो म्हणाला, "रे बाबा, सुयेकडे कित्याक बघतंस? मी गाराणां घालतंय. तू नुसतो व्हय म्हण." नर्स हसली. त्याने हात जोडून खडा सूर लावला, "बा देवा म्हाराजा, ह्यां तुजां लेकरू तुज्या पायाकडे इलाहा!"

"व्हय म्हाराजा!" देवळातल्या गाऱ्हाण्यात दर मागण्याला सगळ्यांनी असाच होकार द्यायचा, ही लहानपणापासूनची सवय; तोंडातून आपोआप निघाले. श्वास पूर्ण बाहेर गेला आणि मूठ उघडली.

"ह्येच्या हाताची पीडा दूर कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सुई आत गेली. दुखले, डोळ्यांत पाणी आले, पण हात जागचा हलला नाही.

"भावाभावांत तेढ आसात, तर ती सोडय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

म्हणून गेल्यावर मी चपापलो. गाऱ्हाण्यात हे मागणे असतेच, त्याला माझे काय ठाऊक? तोवर डॉक्टर पट्टी चिकटवत होते.

बोटे हळूहळू सुटली. पण ते 'व्हय' मला स्वस्थ बसू देईना. आयुष्यभर सौदे केले, पण होकार देऊन फिरलो नाही. चौथ्या दिवशी दादाच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. भांडायचे शब्द तयार होते. त्याने मान वर करून पाहिले आणि आत हाक मारली, "अगो, आणखी एक पान वाढ. धाकटो इलो."

राग अजून सगळा गेलेला नाही. पण मी घासाघीस करून जे मागितले, त्याहून मोठे देवाने न मागता दिले. ते घेण्यापुरते नमता आले, ही त्याचीच दया.